किल्ली फिरते, ठिणगी नाही

जुन्या मोटारसायकलची किल्ली फिरवली, पण ना दिवा लागला ना हॉर्न वाजला. किका मारून मारून पोटरी भरून आली आणि इंजिन ढिम्म. गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली की मेकॅनिक हेडलाइटचा डूम उघडतो, वायरींच्या गुंत्यात हात घालतो, दोन वायरी सोलून एकमेकींत पिळतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. ‘डायरेक्ट केली. आता किल्लीची कटकटच नको.’ पुढच्या किकेला गाडी उठते. मालक खूश, मेकॅनिक खूश, आणि महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर किल्लीवाचून धावणाऱ्या गाड्यांत आणखी एकीची भर पडते.

पण ‘डायरेक्ट’ केल्यावर नेमकं काय होतं, हे गाडीगणिक वेगळं असतं. किल्लीने गाडी सुरू होते असा आपला समज असतो. किकच्या गाडीत किल्ली काहीच सुरू करत नाही. काही गाड्यांत ती ठिणगीसाठी लागणारी वीज सोडते. काही गाड्यांत ती ठिणगीला घातलेला अडसर काढते, बाकी काही नाही. पहिल्या प्रकारात किल्ली बंद असताना वाट तुटलेली असते, दुसऱ्या प्रकारात किल्ली बंद असताना वाट जोडलेली असते. हे दोन प्रकार एकमेकांच्या इतके उलटे आहेत, की एकावरचा इलाज दुसऱ्यावर केला तर गाडी दुरुस्त होण्याऐवजी आणखी बिघडते.

पहिल्या प्रकारातली सर्वांच्या ओळखीची गाडी म्हणजे जुनी बुलेट. तिच्यात बॅटरी, कॉइल आणि पॉइंट (इंजिनाबरोबर उघड-मीट करणारी संपर्काची जोडी) अशी साखळी असते. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून, मग किल्लीच्या स्विचमधून कॉइलकडे जाते. पॉइंट मिटलेले असेपर्यंत कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातून तीन-चार अँपिअर वाहतात. पॉइंट उघडले की ती वाट अचानक तुटते, दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळतात आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने मोटारगाडीसाठी ही पद्धत बसवली आणि १९१०च्या कॅडिलॅकपासून ती रुळली. बुलेटच्या हेडलाइटवरच्या ॲमीटरचा काटा या साखळीची नाडी दाखवतो. किल्ली लावून किक हळूहळू दाबत गेलं की पॉइंट मिटताच काटा डावीकडे झुकतो आणि उघडताच मध्यावर येतो. जुने बुलेटवाले हा काटा बघूनच किक कुठून मारायची ते ठरवतात. किल्ली लावून, किक पूर्ण फेरीभर दाबूनही काटा हललाच नाही, तर दोष बॅटरी, फ्यूज, स्विच, कॉइल आणि पॉइंट यांच्यातच कुठेतरी आहे. कार्बोरेटर उघडत बसायची गरज नाही.

दुसरा प्रकार मॅग्नेटोचा. इथे ठिणगीला बॅटरी लागतच नाही. इंजिनाबरोबर फिरणारं चुंबक स्वतःच वीज तयार करतं. जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने १९०२मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला, आणि पुढची कित्येक वर्षं अनेक मोटारसायकली अशाच मॅग्नेटोवर चालल्या. मॅग्नेटोवाल्या अनेक ब्रिटिश गाड्यांना ठिणगीसाठी किल्लीच नसे. हँडलवर एक बटण असायचं. ते दाबलं की मॅग्नेटोची वीज अर्थला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, जाई आणि इंजिन थांबे. म्हणजे गाडी कुणीही किक मारून न्यावी, मालकाला फक्त थांबवण्याची सोय! जुन्या जावाला किल्ली होती, पण ती खिळ्यासारखी गोल; एका जावाची किल्ली दुसऱ्या जावाला चालायची. कुलूप म्हणून तिचा काय उपयोग होता, हे त्या काळच्या लोकांनाच ठाऊक. बहुधा तेव्हा गल्लीत एवढ्या मोटारसायकलीच नव्हत्या.

आपल्याकडे १९८०च्या दशकात जपानी भागीदारीतल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि मॅग्नेटो नव्या रूपात घरोघर पोहोचला. १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० यांत पॉइंटची जागा सीडीआयच्या काळ्या डबीने घेतली. चुंबकाजवळचं एक वेटोळं या डबीतल्या कपॅसिटरला शेकडो व्होल्टपर्यंत भरतं आणि योग्य क्षणी डबी तो साठा कॉइलमध्ये रिकामा करते. किल्ली बंद असताना स्विचच्या आत एक बारीक पत्रा या वेटोळ्याची वायर अर्थला टेकवून ठेवतो. कपॅसिटर भरतच नाही, म्हणून ठिणगी नाही. किल्ली चालू केली की पत्रा बाजूला होतो. एवढंच. म्हणूनच या गाड्या बॅटरी पार मेलेली असतानाही किकेवर सुरू होतात, आणि म्हणूनच हॉर्न-इंडिकेटर बंद पडलेली आरएक्स वर्षानुवर्षं फुर्र करत पळत राहते.

आता बुलेटवर हात बसलेला मेकॅनिक अशी गाडी ‘डायरेक्ट’ करायला घेतो. ठिणगी नाही म्हणजे करंट पोहोचत नाही, हे त्याचं गणित. तो सीडीआयकडे जाणारी वायर शोधतो आणि तिला बॅटरीचा प्लस देतो. जी वायर अर्थला टेकली की इंजिन थांबतं, तिच्यावर बारा व्होल्ट. नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो. नाही तर सीडीआयची डबी जाते, आणि जुन्या गाडीची अस्सल डबी मिळवणं हे स्विच मिळवण्याहून कितीतरी महागाचं काम आहे.

वायरींचे रंग इथे वाट दाखवतात आणि तेच फसवतातही. होंडाच्या पद्धतीत लाल वायर बॅटरीची, काळी वायर किल्लीनंतरचा प्लस, हिरवी अर्थ आणि काळी-पांढरी वायर सीडीआय थांबवणारी. यामाहात लाल बॅटरीचीच, पण किल्लीनंतरचा प्लस तपकिरी, आणि काळी वायर चक्क अर्थ. म्हणजे होंडात ज्या काळ्या वायरीत वीज खेळते, तीच यामाहात सांगाड्याला जोडलेली. सुझुकीची तऱ्हा तिसरी: तिथे काळी-पांढरी वायर अर्थ असते आणि किल्लीनंतरचा प्लस नारिंगी. एका कंपनीच्या गाड्यांवर हात बसलेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर रंग पाहून जोडणी करू लागला, की धूर निघायला वेळ लागत नाही. त्यात तीस वर्षांत गाडीचं वायरिंग कधी ना कधी गावातच नवं केलेलं असतं, आणि त्या दिवशी दुकानात ज्या रंगाची वायर शिल्लक होती तीच गाडीला मिळालेली असते. म्हणून गाडीपुरता एकच नियम पाळावा: रंगावर विश्वास ठेवण्याआधी मीटर लावायचा.

स्विच उघडून पाहिला तर त्यात दोन वेगळी यंत्रं एकावर एक बसवलेली दिसतात. वरचं कुलूप, खालचा विजेचा भाग. कुलपात पितळेच्या पातळ चकत्या असतात. बरोबर किल्ली घातली की सगळ्या चकत्या एका रेषेत येतात आणि आतला दांडा फिरतो. वर्षानुवर्षं किल्ली आत-बाहेर करून चकत्यांच्या कडा झिजतात, किल्लीचे दातही झिजतात. मग किल्ली अडकते, किंवा उलट, कसलीही किल्ली चालू लागते. खालच्या भागात प्लास्टिकच्या किंवा बॅकेलाइटच्या चकतीवर पितळी ठिपके बसवलेले असतात आणि स्प्रिंगने दाबलेला तांब्याचा पत्रा त्यांच्यावरून घसरतो. शेजारीच एक छोटी गोळी आणि तिची स्प्रिंग असते. किल्ली प्रत्येक स्थितीत ‘टक्’ करून थांबते ती तिच्यामुळे.

या ठिपक्यांचं दुखणं बहुतेक वेळा साधं असतं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तसं पावसाच्या पाण्याने आणि दमट हवेने पितळ कळकतं आणि त्यावर हिरवट काळपट थर बसतो. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने हे काम लवकर उरकतं. मूळचं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं, त्यात धूळ आणि घासलेल्या पितळेची भुकटी मिसळते. पत्रा आणि ठिपका टेकतात, पण मध्ये हा थर असतो. वीज वाहते, अडखळत.

अडखळण्याचं गणित करून पाहण्यासारखं आहे. या सांध्यात फक्त पाव ओहमचा अडथळा आहे असं धरू. बारा व्होल्टच्या गाडीत सगळा भार मिळून सहा अँपिअर वाहत असतील, तर दीड व्होल्ट स्विचमध्येच अडकला आणि नऊ वॉटची उष्णता नखाएवढ्या जागेत तयार झाली. जुन्या सहा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॉटच्या दिव्यांसाठी दुप्पट अँपिअर लागतात. करंट जास्त, आणि सहातून गेलेला प्रत्येक व्होल्ट म्हणजे एक षष्ठांश. दिवा पिवळा पडतो, कॉइलला पुरेसा दाब मिळत नाही, किक जड वाटू लागते. उष्णतेने प्लास्टिक मऊ होतं किंवा बॅकेलाइट तडकतं, ठिपका बाजूला सरकतो, अडथळा आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. एकदा हे चक्र सुरू झालं की नवा स्विच घातला तरी काही वर्षांनी तोच प्रकार, कारण स्विचवरून जाणारा भार तेवढाच राहिलेला असतो. बाजारात मिळणारा स्वस्त स्विच असेल तर काही महिन्यांतच.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आरएक्स किंवा सीडी १००सारख्या गाड्यांत हेडलाइट मॅग्नेटोच्या एसी विजेवर थेट चालतो. तो भार किल्लीवरून जात नाही. किल्लीवर फक्त हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा. त्यामुळे त्यांचे स्विच सहसा जळत नाहीत, झिजतात. बुलेटचे स्विच जळतात.

म्हणून ‘स्विच गेला’ या निदानाला उशिरा मान डोलवावी. आधी बघायचं ते फ्यूज आणि बॅटरीचे टर्मिनल. मग वायरी. हँडलच्या प्रत्येक वळणाबरोबर डूमकडे जाणारा वायरींचा जुडगा वाकतो आणि सरळ होतो. हजारो वेळा वाकून रबरी वेष्टणाच्या आत तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात. बाहेरून वायर धडधाकट दिसते. दिवा लावून हँडल सावकाश दोन्ही टोकांना फिरवावं. दिवा मिचकावला तर दोष वायरीत आहे, आणि ती वायर स्विचवर राग काढून दुरुस्त होणार नाही.

स्विच तपासताना मल्टिमीटरच्या टीं टीं आवाजावर विसंबू नये. मीटर सांध्यातून अगदी नगण्य करंट पाठवतो. कळकलेला सांधा तेवढा सहज पार करू देतो आणि परीक्षेत पास होतो. खरी परीक्षा भारासकट. किल्ली चालू, हेडलाइट चालू. मीटर वीस व्होल्टच्या डीसी पट्ट्यावर. एक टोक स्विचमध्ये येणाऱ्या वायरीला आणि दुसरं बाहेर पडणाऱ्या वायरीला. मीटर दाखवेल तेवढे व्होल्ट स्विचने खाल्ले. एक-दोन दशांश असेल तर स्विचची माफी मागावी. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर तो उघडायला हरकत नाही. सीडीआयच्या गाडीत उलटा प्रश्न विचारायचा. किल्ली चालू असताना सीडीआय थांबवणाऱ्या वायरीचा (होंडात काळ्या-पांढऱ्या) आणि अर्थचा संबंध तुटलेला आहे ना, हे कपलर काढून स्विचच्या बाजूने पाहायचं. नसेल तर आतला पत्रा चिकटून राहिला आहे आणि किल्ली चालू असूनही ठिणगी अर्थला चालली आहे. पावसात भिजलेल्या गाड्या अशा रुसतात आणि दुपारी ऊन लागलं की आपोआप हसतात.

स्विच निकामी होण्याचं तिसरं कारण विजेचं नाही, वजनाचं आहे. त्याची सगळ्यात मोठी किंमत मोटारसायकलीने नव्हे, मोटारगाडीने मोजली. फेब्रुवारी २०१४मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्यांच्या जातीच्या गाड्या परत बोलवायला सुरुवात केली. संख्या सव्वीस लाखांवर गेली. दोष किल्लीच्या स्विचमधल्या, गोळीसारखंच ‘टक्’ करून थांबवण्याचं काम करणाऱ्या खुंटीत होता. तिची स्प्रिंग कमजोर होती. किल्लीला जड जुडगा लटकत असला आणि गाडी खड्ड्यात आदळली, किंवा चालकाचा गुडघा लागला, की किल्ली ‘चालू’वरून सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि मुख्य म्हणजे एअरबॅगही मुकी. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. तपासात निघालं, की काही वर्षांपूर्वीच ही खुंटी गुपचूप सुधारण्यात आली होती, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला होता. त्यामुळे जुना स्विच कुठला आणि नवा कुठला हे कागदावरून कळायची सोयच नव्हती. गुन्हेगारी खटला टाळण्यासाठी कंपनीने २०१५मध्ये ९० कोटी डॉलर भरले. सुटा भाग घेताना डब्यावरच्या क्रमांकावर डोळे मिटून भरवसा ठेवणाऱ्यांनी ही हकीकत जरूर वाचावी. मोटारसायकलच्या किल्लीला एअरबॅगची काळजी नाही, पण घराच्या, कपाटाच्या, गोदामाच्या किल्ल्या आणि वर गणपतीचं पितळी पदक असा जुडगा खडबडीत रस्त्यावर दिवसभर झोके खात असेल, तर चकत्या आणि स्प्रिंग दोन्ही झिजणारच. गाडीची किल्ली एकटी असावी.

दोष खालच्या भागात असेल तर सगळा स्विच फेकू नये. कित्येक स्विचमध्ये विजेचा भाग दोन स्क्रू किंवा वाकवलेल्या पत्र्याच्या कानांनी वरच्या कुलपाला धरलेला असतो. तो सोडवायचा. उघडताना गोळी आणि स्प्रिंग उडून जातात, म्हणून काम जुन्या चादरीवर करायचं, अंगणात नाही. ठिपके आणि पत्रा बारीक पॉलिश पेपरने हलकेच उजळायचे, पितळ दिसलं की थांबायचं. भुकटी पुसून विजेच्या सांध्यांसाठीचा क्लीनर मारायचा, पेट्रोल नको. वर अगदी थोडं ग्रीस. याचा फायदा नुसता पैशांचा नाही: मूळ कुलूप राहतं, आणि टाकीच्या झाकणाची, साइड पॅनेलची किल्ली तीच राहते.

कुलूपच गेलं असेल तर पूर्ण ‘लॉक सेट’ घ्यावा लागतो. काही गाड्यांत स्विच धरणाऱ्या बोल्टांचं डोकं कारखान्यात आवळतानाच तोडलेलं असतं, चोराला पाना लागू नये म्हणून. अर्थात मालकालाही लागत नाही. छन्नी तिरकी धरून हलके ठोके देत ते फिरवायचे, नाही तर मधोमध पंच मारून ड्रिल करायचे. नवा स्विच बसवण्याआधी कपलरच्या पिना जुन्याशी ताडून बघाव्यात. कपलर बसला म्हणजे जोडणी जुळली असं नाही. प्रत्येक स्थितीत कोणती पिन कोणत्या पिनेला जोडली जाते ते दोन्ही स्विचवर मीटरने पाहून कागदावर लिहावं. जुळत नसेल तर पिना कपलरमधून काढून जागा बदलाव्यात. वायरी कापून पिळू नयेत.

बुलेटसारख्या गाडीत त्याच वेळी रिले बसवून टाकावा, असं मी आग्रहाने सांगेन. मग हेडलाइट-हॉर्नसाठी किल्लीतून फक्त रिलेच्या कॉइलपुरते, दीड-दोन दशांश अँपिअर जातात आणि त्यांचा खरा भार रिलेच्या जाड सांध्यांवरून, स्वतंत्र फ्यूजसह, बॅटरीतून थेट येतो. साध्या मोटार रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे जर्मन मानकाचे आकडे असतात: ३० म्हणजे बॅटरी, ८७ म्हणजे भार, ८५-८६ म्हणजे कॉइल. बारा व्होल्टचा रिले कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. सहा व्होल्टचा शोधावा लागतो. मूळपणाचा अभिमान बाळगणारे नाक मुरडतात. डूमच्या आत लपलेला रिले कुणाला दिसत नाही, आणि उजेड मात्र सगळ्यांना दिसतो.

राहता राहिलं ते ‘डायरेक्ट’. रात्री घाटात गाडी बंद पडली आणि स्विच मेला हे नक्की असेल, तर बॅटरीच्या गाडीत स्विचला वळसा घालून घरी येण्यात काही गैर नाही. फक्त वायर फ्यूजच्या पुढून घ्यायची. फ्यूजला बाजूला सारून बॅटरीतून थेट ओढलेली वायर टाकीखाली घासली, तर पेट्रोल आणि ठिणगी यांची गाठ पडायला काही सेकंद पुरतात. बुलेट थांबवायला डीकॉम्प्रेसरची कळ आहेच; बाकीच्या गाड्यांना गिअरमध्ये घालून, ब्रेक दाबून, क्लच सोडून थांबवावं लागतं. प्लगची टोपी ओढण्याचा पराक्रम टाळावा. थांबल्यावर वायर काढायची, कारण पॉइंट मिटलेल्या अवस्थेत इंजिन थांबलं असेल तर कॉइलमधून तीन-चार अँपिअर वाहत राहतात. रात्रभरात बॅटरी संपते, आणि कॉइल एवढी तापते की सकाळी स्विचबरोबर तीही घ्यावी लागते.

हीच व्यवस्था कायमची ठेवून सीटखाली घराच्या विजेचं बटण बसवणारे लोक आहेत. घरातलं बटण एसीसाठी असतं. तिथे करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि वाट तोडताना उठणारी ठिणगी आपसूक विझते. डीसीला तशी उसंत नाही, शिवाय कॉइलचा भार ठिणगी वाढवतो. पावसाचं पाणी आणि इंजिनाचा थरकाप यांच्यासाठीही ते बटण घडवलेलं नाही. सीडीआयच्या गाडीत थांबवणारी वायर कापून ‘डायरेक्ट’ केलेली असेल तर गाडी कुणाच्याही किकेला हजर. चोरी झालीच, तर विमा कंपनी दावा हाताळताना सहसा दोन्ही मूळ किल्ल्या मागते, आणि किल्लीवाचून चालणाऱ्या गाडीच्या मालकाला पुढचे प्रश्न अवघड जातात.

नवा स्विच बसला की टाकी चढवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. हँडल लॉकची पिन लॉक केल्यावर पूर्ण बाहेर येते आणि किल्ली चालू असताना पूर्ण आत राहते का, हे हँडल दोन्ही बाजूंना फिरवत बघावं. अर्धवट बाहेर राहिलेली पिन चालत्या गाडीत वळणावर अडकू शकते. आणि हँडल पूर्ण वळवल्यावर वायरींचा जुडगा ताणला जात नाही ना, एवढी ढील ठेवून तो प्लास्टिकच्या पट्टीने बांधावा. किल्लीवरचा क्रमांक आरसी बुकच्या पाकिटात लिहून ठेवावा, दुसरी किल्ली घरी.